कॅलिफोर्नियातली मिशनं बघायची तर

सॅन फ्रान्सिस्को खाडीकाठच्या फ्रीमाँटमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला मिशन बुलेव्हार्ड तोंडपाठ असतो. मिशन सॅन होजे हायस्कूलचं तर विचारूच नका. घर घेताना आधी ती शाळा मिळते का ते बघतात, मग स्वयंपाकघर. पण ज्या मिशनवरून, म्हणजे जुन्या स्पॅनिश धर्मवसाहतीवरून, ही नावं पडली, त्याच्या दारातून आत गेलेली माणसं मोजकीच. मीही सहा वर्षं त्या पांढऱ्या भिंतीवरून गाडी नेत होते आणि ते लग्नाबिग्नाचं सभागृह असावं असं धरून चालले होते.

मुलगी चौथीत गेली तेव्हा जाग आली. कॅलिफोर्नियात चौथीच्या इतिहासात मिशनं असतात. पूर्वी घरोघरी साखरेच्या चौकोनी खड्यांचं मिशन बांधून शाळेत न्यायचा रिवाज होता; आता शाळा त्याला फारसं उत्तेजन देत नाहीत, आणि मुंग्यांच्या दृष्टीने सोडलं तर ते बरंच झालं. हिला एक मिशन प्रत्यक्ष बघून वर्गात बोलायचं होतं. आम्ही हौसेनं लांबचं एक निवडलं, दोन तास गाडी हाणली, आणि दार बंद. शनिवार दुपार होती, आत लग्न चाललं होतं. म्हणजे माझा सभागृहाचा अंदाज अगदीच चुकीचा नव्हता.

त्यानंतर बऱ्याच फेऱ्या झाल्या. आई-बाबांना घेऊन, सासूबाईंना घेऊन, पुण्याच्या पाहुण्यांना घेऊन, आणि एका वसईच्या कॅथलिक मैत्रिणीबरोबर. ती जुन्या वळणाने चर्चला देऊळच म्हणते, म्हणून इथेही अधूनमधून तोच शब्द येईल. नुसतं बघायला जाणारे आणि मिस्सेला, म्हणजे कॅथलिक उपासनेला, बसणारे, दोघांच्याही उपयोगी पडेल असं काय काय शिकले ते क्रमाने लिहिते.

निघण्याआधी दहा मिनिटं इतिहास

एवढं माहीत असलं की तिथलं निम्मं आपोआप उलगडतं. १७६९ ते १८२३ या काळात स्पेनच्या फ्रान्सिस्कन साधूंनी दक्षिणेला सॅन दिएगोपासून उत्तरेला सोनोमापर्यंत २१ मिशनं उभी केली. पहिल्या ९ मिशनांमागे हुनिपेरो सेरा हा साधू होता. मिशन म्हणजे देवळाबरोबर अख्खं गाव: धान्याची कोठारं, चामडं कमावण्याचे हौद, माग, द्राक्षाचे मळे, गुरांचे कळप, पाच-सहा शिपायांची चौकी, आणि बाप्तिस्मा घेतलेल्या मूळ रहिवाशांची वस्ती. भिंती त्यांनीच थापल्या, शेतं त्यांनीच कसली. शेवटची दोन मिशनं उठली तेव्हा स्पेनची सत्ता संपत आली होती किंवा संपली होती. सोनोमाचं तर मेक्सिको स्वतंत्र झाल्यावरचं.

मग १८३३ मध्ये मेक्सिकोने कायदा करून मिशनांच्या जमिनी चर्चच्या हातून काढल्या. त्या मूळ रहिवाशांना मिळायच्या होत्या. बहुतेक गेल्या मोठ्या जमीनदारांच्या घशात. इमारती ओस पडल्या. अमेरिका आल्यावर १८६५ मध्ये अब्राहम लिंकनच्या सहीने बऱ्याच मिशनांची देवळं आणि थोडी जागा चर्चला परत मिळाली. आज २१ पैकी १९ ठिकाणी कॅथलिक उपासना चालते. ला पुरीसिमा आणि सोनोमा ही दोन राज्याच्या उद्यान खात्याकडे आहेत.

एक दंतकथा तुम्हाला प्रत्येक वाटाड्या सांगेल: मिशनं एका दिवसाच्या प्रवासाच्या अंतरावर, मोजूनमापून बांधली. तसं नाही. सुरुवातीची एकमेकांपासून कितीतरी लांब होती. मधल्या फटी नंतर बुजवल्या. १७९७ च्या उन्हाळ्यात तर तीन महिन्यांत चार मिशनं उभी राहिली, त्यातलं पहिलं आपलं फ्रीमाँटचं. महामार्गाकडेला वाकड्या खांबावर टांगलेल्या घंटा दिसतात, त्याही साधूंच्या काळातल्या नाहीत. १९०६ पासून मोटारवाल्या प्रवाशांसाठी लावलेल्या आहेत.

पहिलं काम: एकवीसच्या नादी लागू नका

अष्टविनायक केल्यासारखी सगळी मिशनं एका सुट्टीत उरकणारे लोक मला भेटले आहेत. चौथ्यानंतर त्यांना कुठलं कुठे होतं ते आठवत नाही. एका दिवसात दोन पुरेत, तीन म्हणजे कमाल.

निवडताना एकच प्रश्न विचारा: इथे जुनं काय उरलंय? भूकंप, आग आणि पाऊस यांनी फार थोडं सोडलंय. सांताक्रूझचं आजचं देऊळ ही मूळच्या निम्म्या आकाराची प्रतिकृती आहे (खरी जुनी मातीची इमारत जवळच, उद्यान खात्याकडे आहे). सांता क्लाराचं विद्यापीठाच्या आवारात आहे. १९२६ मध्ये जळलं, १९२८ मध्ये पुन्हा बांधलं. फ्रीमाँटचं मूळ देऊळ १८६८ च्या हेवर्ड भूकंपात पडलं. आज दिसतं ते १९८५ मध्ये पूर्ण झालेलं आहे. प्रतिकृती बघू नये असं मी म्हणत नाही. पण समोर काय आहे ते माहीत असावं, नाहीतर माणूस चाळीस वर्षांच्या भिंतीला हात लावून दोनशे वर्षांचे उसासे टाकतो. मी टाकलेत.

सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या आसपास राहणाऱ्यांनी तीन बघावीत. शहरातलं मिशन डोलोरेस: स्थापना १७७६, आजची इमारत १७९१ ची, शहरातली सर्वांत जुनी शाबूत वास्तू. १९०६ च्या भूकंपात शेजारचं विटांचं मोठं चर्च कामातून गेलं आणि हे मातीचं बुटकं देऊळ उभं राहिलं. बार्ट या लोकल रेल्वेने सोळाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उतरलात की चालत जाता येतं, पार्किंगची कटकट नाही. दुसरं सॅन हुआन बाउटिस्टा, फ्रीमाँटहून दक्षिणेला तासाभरावर. माझं सर्वांत लाडकं. तिसरं कार्मेलचं, समुद्राजवळ. तिथे खुद्द सेरा पुरलेला आहे आणि गर्दीही तशीच असते.

दक्षिणेत असाल तर सॅन हुआन कापिस्त्रानो. तिथलं दगडी देऊळ ८ डिसेंबर १८१२ ला मिस्सा चालू असताना भूकंपात कोसळलं, आतले सुमारे चाळीस जण गेले. ते तसंच पडकं ठेवलंय. त्याच आवारात एक साधं मातीचं प्रार्थनागृह अजून उभं आहे; तिथे सेराने मिस्सा म्हटली होती. आणि लांबच्या सहलीला निघालात तर १०१ महामार्गालगतचं सॅन मिगेल चुकवू नका. बाहेरून काहीच नाही. आत गेलात की भिंतभर निळे, गुलाबी, हिरवे रंग: खोटे खांब, खोटा संगमरवर, आणि वेदीवर किरणं फेकणारा एक मोठा डोळा. १८२० च्या सुमारास माँटेरेच्या एस्तेबान मुन्रासच्या हाताखाली सलिनन या मूळ जमातीच्या कारागिरांनी रंगवलं, आणि नंतर त्यावर कुणी कुंचला फिरवलेला नाही. २००३ च्या भूकंपानंतर ते सहा वर्षं बंद होतं.

सॅन अँतोनियो दे पादुआ बघायची हौस असेल तर आधी चौकशी करा. ते लष्करी तळाच्या हद्दीत आहे. फाटकावर ओळखपत्र लागतं; भारतातून आलेल्या आई-वडिलांचे पासपोर्ट घरी ठेवून जाऊ नका.

दुसरं काम: घड्याळ

पर्यटनस्थळ म्हणून जाल तर फसाल. ही चालती देवळं आहेत. रविवारी सकाळी मिस्सा, शनिवारी दुपारी लग्नं, मधेच कुणाची अंत्यविधीची मिस्सा, मधेच पंधरा वर्षांच्या मेक्सिकन मुलीची किन्सेन्येरा: फुग्यासारखा झगा, डोक्यावर मुकुट, मागे अख्खं खानदान. या वेळी देवळात हिंडता येत नाही आणि ते योग्यच आहे. आपल्या सत्यनारायणाच्या पूजेत कुणी कॅमेरा घेऊन पाटाभोवती फिरलं तर?

म्हणून निघण्याआधी दोन वेगवेगळी वेळापत्रकं बघायची. एक संग्रहालयाचं, दुसरं पॅरिशचं म्हणजे तिथल्या धर्मग्रामाचं. बऱ्याच ठिकाणी ही दोन वेगळ्या पानांवर असतात आणि लोक पहिलंच बघतात. तेवढ्यावर न थांबता सरळ फोन करून विचारा: आज देऊळ बघायला उघडं आहे का? बघायला जाणाऱ्यांसाठी आठवड्यातली मंगळवार ते गुरुवारची सकाळ उत्तम. काही मिशनं सोमवारी बंद असतात.

मिस्सेला जाणाऱ्यांनी आणखी एक विचारायचं: मिस्सा जुन्या देवळात आहे की नव्या? फ्रीमाँटला शेजारीच सेंट जोसेफ नावाचं आधुनिक चर्च आहे. डोलोरेसला शेजारी मोठी बॅसिलिका आहे. तिथे सगळ्या मिस्सा जुन्या भिंतींत होतील असं धरून चालू नका. माझी मैत्रीण हौसेनं साडी नेसून आली आणि तिला अख्खी मिस्सा ट्यूबलाइटखाली ऐकावी लागली.

तिकिटाचं म्हणाल तर कार्मेल आणि कापिस्त्रानोला प्रवेशमूल्य आहे, काही ठिकाणी पेटीत ऐच्छिक दान, ला पुरीसिमाला गाडीचं शुल्क. मिस्सेला जाणाऱ्याला कुठेही तिकीट नसतं. म्हणून मिस्सेच्या नावाने फुकट आत शिरून फोटो काढत सुटायचं, ही युक्ती सुचलेली माणसंही मला माहीत आहेत. असो.

अंगावर काय, पायात काय

खांदे आणि गुडघे झाकलेले असले की झालं. सलवार-कमीज, साडी, साधी पँट, काहीही चालतं. पुरुषांनी आत टोपी काढायची. आपल्याकडे देवासमोर डोकं झाकतात, इथे उलट, त्यामुळे सासऱ्यांना आधी सांगून ठेवलेलं बरं. बायकांना डोकं झाकायची सक्ती नाही.

आणि चपला काढायच्या नाहीत. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दाराबाहेर चपला काढून त्या नीट कोपऱ्यात लावून ठेवल्या आणि अनवाणी आत गेल्या. फरशी बर्फासारखी. कुणी काही बोललं नाही. उलट दारातल्या स्वयंसेवक आजोबांनी त्या चपलांवर अर्धा तास लक्ष ठेवलं. जाड मातीच्या भिंतींमुळे आत उन्हाळ्यातही गार असतं, तेव्हा एक शाल जवळ ठेवा.

आत गेल्यावर: नजर कुठून सुरू करायची

आपली नजर सरळ वेदीकडे जाते. मी पाहुण्यांना आधी भिंत बघायला लावते. दारापाशी किंवा खिडकीपाशी उभं राहून जाडी बघा. डोलोरेसची भिंत चार फूट जाड आहे. ही अडोबी, म्हणजे माती, पाणी आणि गवताची काडी तुडवून, साच्यात घालून, उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटा. भट्टी नाही. वरून चुना. आपल्याकडच्या मातीच्या वाड्यांचं जे दुखणं तेच हिचं: पाणी. कौलं शाबूत आहेत तोवर भिंत शंभर वर्षं हलत नाही, कौलं गेली की दोन-चार पावसाळ्यांत विरघळते. १८३० नंतर नेमकं हेच झालं. लोकांनी मिशनांची कौलं उतरवून आपल्या घरांवर घातली आणि उघड्या भिंती पावसात वाहून गेल्या.

कौलंही बघा. कोकणातल्या जुन्या घरांवर मंगलोरी येण्याआधी असायची तशी अर्धगोल नळीची. सुरुवातीला छपरं गवताची होती. सॅन लुईस ओबिस्पोला पेटत्या बाणांनी ती जळाली आणि त्यानंतर कौलं भाजायला लागले. कारागीर आपल्या मांडीवर थापून ही कौलं करत असं सांगतात. ती थापच. लाकडी साचे होते.

मग फरशी. सॅन हुआन बाउटिस्टाला मधल्या वाटेने चालताना खाली मान घालून चाला. तांबड्या फरश्यांत मधेच पंजे उमटलेले दिसतील. फरश्या उन्हात वाळत घातलेल्या असताना रात्री जनावरं त्यांवरून गेली, आणि त्या तशाच भाजून जडवल्या. माझ्या मुलीने वर्गात बाकी काही सांगितलं नाही, फक्त हे सांगितलं.

आता वर बघा. डोलोरेसच्या छताच्या तुळयांवर तांबडे, पांढरे, राखाडी नागमोडी पट्टे आहेत. ही नक्षी ओलोनी या इथल्या मूळ रहिवाशांच्या टोपल्यांवरची. साधूंनी संत आणले, छत मात्र टोपल्या विणणाऱ्यांचं राहिलं. त्याच देवळात वेदीमागच्या लाकडी मखराच्या पाठीला ओलोनी चित्रकारांनी १७९१ मध्ये रंगवलेली भिंत आहे. १७९६ मध्ये मखर पुढे बसवलं आणि ती झाकली गेली. मखर हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण वेदीमागे कोनाड्या-कोनाड्यांतून संत बसवलेली ही रंगीत भिंत बघून आईला तोच शब्द सुचला होता. सॅन हुआन बाउटिस्टाचं मखर १८१८ मध्ये थॉमस डोक नावाच्या अमेरिकन खलाशाने रंगवलं. मजुरी: राहणं आणि जेवण.

फ्रीमाँटला देवळाच्या फरशीत रॉबर्ट लिव्हरमोरचं थडगं आहे. हा इंग्रज खलाशी इथेच स्थायिक झाला, १८५८ मध्ये वारला. ज्या लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात आपण दर महिन्याला जातो, त्या गावाचं नाव याच्यावरून पडलंय.

फोटो काढायला सहसा हरकत नसते. फ्लॅश नको, तिपाई नको, प्रार्थना करणाऱ्याचा चेहरा नको. वेदीपुढच्या दोरीच्या किंवा कठड्याच्या आत जायचं नाही. वेदीजवळ लाल दिवा तेवताना दिसला तर आवाज आणखी खाली आणा: तिथल्या पेटीत ख्रिस्तप्रसाद ठेवलेला आहे अशी ती खूण आहे.

मिस्सेला बसायचं असेल तर

कॅथलिक नसलात तरी बसता येतं, कुणी विचारत नाही. पाच-दहा मिनिटं आधी जा, मागच्या बाकांवर, कडेला बसा. दाराशी तीर्थाचं भांडं असतं. कॅथलिक त्यात बोटं बुडवून क्रुसाची खूण करतात, इतरांनी केलीच पाहिजे असं नाही. बाकाखाली गुडघे टेकायला घडीची फळी असते. तिच्यावर पाय ठेवून बसू नका. आमच्या पुण्याच्या पाहुण्यांना ती पाय ठेवायचीच सोय वाटली होती. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायच्या वेळी नुसतं बसलात तरी चालतं. मधे एकदा लोक शेजाऱ्याला शांती चिंततात, हात पुढे करतात किंवा मान लववतात; हात जोडलेत तरी समोरचा ओळखून हसतो. दानाची टोपली फिरते, ऐच्छिक आहे. रविवारची मिस्सा साधारण तासाची. इंग्रजी आणि स्पॅनिश दोन्ही असतील तर स्पॅनिशला बसा. शब्द कळणार नाहीत, पण गिटारवर गाणाऱ्या आज्या ऐकायला मिळतील.

मुख्य मुद्दा ख्रिस्तप्रसादाचा. मिस्सेच्या उत्तरार्धात लोक रांगेने पुढे जातात आणि फादर प्रत्येकाच्या हातावर पांढरी गोल चकती ठेवतात. बाबा रांगेबरोबर उठले. मी बाही ओढली.

"बाबा, आपण नाही घ्यायचं ते."

"अगं, प्रसादाला नाही म्हणू नये."

बाबांचं तत्त्व चांगलं आहे, इथे लागू नाही. श्रद्धेनुसार ते ख्रिस्ताचं शरीर आहे. बाप्तिस्मा घेतलेले, तयारी केलेले कॅथलिकच ते घेतात. आपण जागेवर बसून राहायचं, बाकीच्यांना जायला गुडघे बाजूला घ्यायचे. रांगेत जावंसंच वाटत असेल तर अमेरिकेत एक सोय बऱ्याच चर्चमध्ये आहे: दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरून पुढे जा, फादर नुसता आशीर्वाद देतात. बाबा तसे गेले. फादरनी काहीतरी पुटपुटत हात वर केला आणि बाबा नमस्कार करून परत आले, चेहऱ्यावर पंढरपूरहून आल्याचं समाधान.

मेणबत्ती लावायला कुणालाही मनाई नाही. पेटीत दोन-चार डॉलर टाकायचे. रोख जवळ ठेवा.

कॅथलिक वाचकांसाठी: माणसाच्या नावाने मिस्सा ठेवायची असेल तर पॅरिशच्या कार्यालयाला आधी कळवावं लागतं, ऐनवेळी जमत नाही. माझ्या मैत्रिणीने वडिलांच्या वर्षश्राद्धाची मिस्सा (शब्द तिचाच) अशी ठेवली होती. वसईकरांचा या साधूंशी धागाही जुना आहे. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया मनिलात याच फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला, १५९७ मध्ये नागासाकीत क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत म्हणून जाहीर झाला. तो क्रुसावर गेला तेव्हा पहिलं कॅलिफोर्निया मिशन उभं राहायला पावणेदोनशे वर्षं अवकाश होता.

दफनभूमी वगळू नका

सहल आटोपती घेताना लोक हेच गाळतात. डोलोरेसच्या बागेत गुलाबांमधून थडगी आहेत. नावं वाचा: आयरिश, स्पॅनिश, फ्रेंच, सोन्याच्या शोधात आलेली माणसं, त्यांची दोन-दोन वर्षांची मुलं. याच जमिनीत आणि आसपास पाच हजारांच्या घरात ओलोनी आणि इतर मूळ रहिवासी पुरलेले आहेत, त्यांतल्या जवळजवळ कुणाच्याही नावाचा दगड नाही.

संग्रहालयातल्या पाट्या याबद्दल सारख्या मोकळेपणाने बोलत नाहीत, म्हणून थोडं आधी माहीत असावं. बाप्तिस्मा घेतलेल्याला मिशन सोडून जाता येत नसे. पळाला तर शिपाई धरून आणत, फटके मिळत. अविवाहित मुलींना रात्री एका खोलीत कुलूपबंद ठेवत. तिला मोन्हेरियो म्हणत, काही मिशनांच्या नकाशावर ती खोली दाखवलेली असते, शोधा. १७८६ मध्ये आलेल्या फ्रेंच दर्यावर्दी ला पेरूझला कार्मेलचं मिशन बघून वेस्ट इंडिजमधले गुलामांचे मळे आठवले होते. आणि रोग: १८०६ च्या गोवराच्या साथीत घरंच्या घरं गेली. लोक गप्प बसले नाहीत. सॅन दिएगोचं मिशन कुमेयाय लोकांनी १७७५ मध्ये जाळलं, सांता इनेसला १८२४ मध्ये चुमाश उठले, आणि फ्रीमाँटच्या मिशनमधून निघून गेलेल्या एस्तानिस्लाओने १८२८-२९ मध्ये मेक्सिकन सैन्याला दमवलं. मोडेस्टो ज्या स्टॅनिस्लॉस काउंटीत आहे ती त्याच्याच नावाची.

म्हणूनच २०१५ मध्ये पोप फ्रान्सिसनी सेराला संत जाहीर केलं तेव्हा इथे आनंद आणि संताप दोन्ही झाले, आणि २०२० मध्ये त्याचे काही पुतळे पाडले गेले. दारातल्या स्वयंसेवकाला याबद्दल विचारायला संकोच करू नका. काही जण विषय बदलतात. काही जण खुर्ची ओढून बसतात. त्यांतल्या एक आजीबाई स्वतः मूळ रहिवाशांच्या वंशातल्या होत्या आणि दर रविवारी त्याच देवळात मिस्सेला येत होत्या. मला ते जुळेना. त्या म्हणाल्या, हे बांधलं कुणी?

थडग्यांवरून चालायचं नाही, कुंपणावर बसायचं नाही, फुलं तोडायची नाहीत. फ्रीमाँटला ओलोनींची वेगळी दफनभूमी वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर आहे, मिशनपासून जवळच. मिशन बांधणारे चार हजार ओलोनी इथे निजले आहेत, अशा अर्थाचा दगड आहे. रस्त्यावरून जाताना लक्षातही येत नाही.

एका दिवसाचा आराखडा

फ्रीमाँट किंवा सनीव्हेलकडून निघत असाल तर: सकाळी दहाला फ्रीमाँटचं मिशन, तासभर. मग १०१ ने दक्षिणेला सॅन हुआन बाउटिस्टा. आधी जेवून घ्या, गाव एवढंसं आहे आणि मुख्य रस्त्यावर मेक्सिकन खाणावळी आहेत. शाकाहाऱ्यांनी घोटलेल्या राजम्यात डुकराची चरबी आहे का ते विचारायचं, "सिन मान्तेका?" एवढं म्हटलं की पुरतं. मग देऊळ, मग चौकातल्या जुन्या इमारती. कार्मेल त्याच दिवशी कोंबू नका, ते समुद्राबरोबर वेगळ्या दिवशी. मात्र २१ डिसेंबरच्या सुमाराला येणं जमलं तर सॅन हुआन बाउटिस्टालाच पहाटे या: हवा स्वच्छ असेल तर सूर्य उगवताच उन्हाचा पट्टा दारातून आत येऊन थेट वेदीवर पडतो. त्या दिवसांत गर्दी असते, वेळ आधी विचारून घ्या, आणि थंडी म्हणजे थंडी.

निघण्याआधी देवळाच्या उत्तरेला दफनभूमीच्या कडेला या. जमीन एकदम खाली उतरते. तो उतार म्हणजे सॅन अँड्रियास भ्रंश, ज्याने १९०६ मध्ये याच देवळाच्या बाजूच्या भिंती पाडल्या. पायथ्याशी मातीची एक वाट दिसते, मिशनांना जोडणाऱ्या जुन्या कामिनो रेआल या राजमार्गाचा उरलेला तुकडा. पलीकडे शेतं. स्वच्छतागृह गाडीकडे परतताना लागतं, आई-बाबांना तेही आधी दाखवून ठेवा.